भरावाखालची गाडवाट

गेल्या कार्तिकात, तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात, आमच्या गावाजवळ महामार्गाच्या भरावाखाली दगडी कमानीची एक मोरी सापडली. ती पाण्यासाठी बांधलेली नव्हती. गुरे आणि बैलगाड्या रस्त्याखालून पलीकडे जाव्यात यासाठी ती बांधलेली होती. तिची दोन्ही तोंडे बुजलेली होती. गावातल्या हयात माणसांपैकी तिच्यातून गेलेले कोणी नव्हते आणि ती तिथे आहे हेही कोणाला माहीत नव्हते.

गाव तापीच्या उत्तर काठाला आहे. शहाद्याकडून येणारा रस्ता गावाजवळ आला की पुलाची उंची गाठण्यासाठी भरावावर चढू लागतो. भरावाच्या पूर्वेला घरे, पश्चिमेला शेती, आणि दक्षिणेला नदी. या दिशा पुढे लागणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवल्या.

महामार्ग रुंद होणार असे कळले तेव्हा गावाची त्याला हरकत नव्हती. या रस्त्याने गावाला बरेच दिले आहे. याच रस्त्यावरच्या बसने आमची पिढी शहाद्याच्या शाळेत गेली. याच रस्त्याने अडलेल्या बाळंतिणी वेळेत नंदुरबारला पोहोचल्या, केळी आणि ऊस बाहेर गेला, मुली सासरी गेल्या आणि दिवाळीला परत आल्या. माझी नोकरीही याच रस्त्यावर झाली. नंदुरबारच्या एका वृत्तपत्रात मी आधी वार्ताहर होतो, नंतर डेस्कवर. जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या कडेला जे दिसते पण कोणी पाहत नाही, त्याच्यावर मी बरीच वर्षे छोटे मजकूर लिहिले.

म्हसावदच्या बाजूला एका जुन्या फरशी पुलाच्या कठड्याला बोटभर खोल चरे पडलेले आहेत. कापणीला जाणारी माणसे तिथे थांबून विळ्यांना धार लावत. आता तिथे कोणी थांबत नाही, चरे आहेत. सारंगखेड्याच्या वाटेवर एका चिंचेखाली एकाच दगडात कोरलेली लांब डोणी आहे. यात्रेला घोडे चालत येत तेव्हा ते तिथे पाणी पीत. आता घोडे ट्रकमधून येतात आणि डोणीत पालापाचोळा साठतो. सातपुड्यात धडगावकडे चढताना एका वळणावर कोरड्या डहाळ्यांची रास दिसते. काठी गावच्या होळीला पायी निघालेली माणसे तिथे एक हिरवी डहाळी टाकून पुढे जातात. का टाकतात, असे मी तिथे एका म्हाताऱ्याला विचारले होते. तो म्हणाला, पुढच्याने टाकली होती म्हणून.

हे सगळे लिहून झाले होते. निवृत्तीनंतर मी गावी राहायला आलो तेव्हा आमच्या गावच्या रस्त्यावर लिहिण्यासारखे काही उरलेले आहे, असे वाटले नव्हते.

रस्ता रुंद होण्यात एकच अडचण होती आणि ती आमच्या वहिनीची होती. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. तिच्याकडे चार जाफराबादी म्हशी आहेत. लग्नात माहेराहून तिला एक म्हैस मिळाली होती. या चौघी त्याच म्हशीच्या वंशातल्या. गोठा घराशेजारी, म्हणजे पूर्वेला. विहीर, घासाचा चारा आणि चरायची जागा पश्चिमेच्या शेतात. रोज सकाळी वहिनी म्हशी घेऊन भराव चढायची, रस्त्याच्या कडेला हात वर करून उभी राहायची, वाहने थांबली की पलीकडे उतरायची. संध्याकाळी तेच उलट. रुंदीकरणाची बातमी येण्याआधीच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरची एका म्हशीला धडक बसली. ती वाचली. मागचा एक पाय आखडला तो आखडलाच.

नव्या आराखड्यात रस्त्याच्या मधोमध दुभाजक होता. गावासमोर तो कुठेही तुटत नव्हता. पलीकडे जायचे तर एका बाजूला पेट्रोल पंपापर्यंत किंवा दुसऱ्या बाजूला पुलाच्या तोंडापर्यंत, भरधाव वाहनांच्या कडेने जायचे आणि तितकेच परत यायचे. लंगडी म्हैस ते करू शकत नव्हती. गोठा पलीकडे हलवणेही शक्य नव्हते. ती पुराची जमीन आहे, तिथे कोणी छप्पर घालत नाही.

चुलतभावाने हिशेब सरळ मांडला. "इकी टाकसूत," तो म्हणाला. विकून टाकू. संक्रांतीनंतर व्यापाऱ्याला बोलवायचे त्याने ठरवले.

"इका ना," वहिनी म्हणाली. "मंग सकायले चहामा काय टाकशात, डांबर?"

 वहिनीने तो विषय पुन्हा काढला नाही. पण लंगड्या म्हशीच्या पायाला ती रोज तेल चोळायची ते दोनदा चोळू लागली. मला एकदा ओट्यावर लिहीत बसलेले पाहून ती थांबली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही बठा रस्तास्वर लिखतस. मन्ह्या म्हशी पलीकडे कश्या जातीन ते लिखा ना एकदाव."

सगळ्या रस्त्यांवर लिहिता, माझ्या म्हशींचेही एकदा लिहा, असे तिचे म्हणणे.

रस्त्याच्या कामाचा साइट इंजिनिअर यवतमाळकडचा होता. गाव त्याला साहेब म्हणे. वय तिशीच्या आसपास. त्याचा मुक्काम गावाबाहेर एका कंटेनरमध्ये. दूध तो वहिनीकडून न्यायचा. रोज सकाळी स्टीलचा डबा घेऊन स्वतः यायचा आणि काहीतरी बोलून जायचा. एकदा त्याने डब्यात डोकावून विचारले, "वहिनी, आज दूध पातळ दिसते?"

"पानी बठं तुमना टँकरले जास," वहिनी म्हणाली. "दूधमा टाकाले उरस कोठे?"

भरावावर पाणी मारायला त्याचा टँकर गावच्या नाल्यावरूनच भरत होता. तो हसला आणि डबा घेऊन गेला. त्यानंतर आठवडाभर टँकर नदीवर भरला गेला. दुभाजकाबद्दल वहिनीने त्याला विचारले होते. त्याने खरे ते सांगितले: दुभाजक कुठे तोडायचा हे त्याच्या हातात नाही, वळणावर आणि उतारावर तर कोणीच तोडून देणार नाही, आणि देऊही नये. वहिनीला ते पटले. ती म्हणाली, माणूस खोटे तरी बोलला नाही.

श्रावणाच्या अमावस्येला पोळा आला. वहिनीने साहेबाला जेवायला बोलावले होते. खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या. जेवण आटोपून तो आणि मी मिरवणूक पाहायला भरावाच्या पायथ्याशी गेलो.

आमच्या गावचा पोळा बाहेरच्या माणसाला फार वेगळा वाटणार नाही. बैल आता थोडे राहिले आहेत. ज्यांच्याकडे आहेत ते त्यांना नदीवर धुतात, शिंगांना हिंगूळ लावतात, बाशिंग बांधतात, अंगावर झूल घालतात. मारुतीच्या पारापासून मिरवणूक निघते, मधल्या गल्लीतून भरावाच्या पायथ्याशी जिथे मोठा कडुनिंब होता तिथपर्यंत जाते, तिथून परत फिरते आणि पाराशी येऊन संपते. इतर गावांत नसलेली एकच गोष्ट आमच्याकडे आहे. कडुनिंबाशी पोहोचल्यावर मानाच्या बैलाचा धनी वाकतो. एका हाताने बैलाचे शिंग धरून त्याचे डोके खाली दाबतो, दुसरा हात स्वतःच्या टोपीवर ठेवतो, आणि तसाच वाकून काही पावले चालतो. मग बैल वळवतो आणि सरळ होतो. मागचे सगळे त्याच जागी तसेच करतात. तापीमाईला नमस्कार, असे गावात याला म्हणतात. वृत्तपत्रांतही दरवर्षी तसेच छापून येत असे.

साहेबाने पहिल्या तीन-चार जोड्या जाऊ दिल्या. मग त्याने विचारले, "हे टोपी का धरतात?"

शेजारी गावातली सर्वांत म्हातारी बाई बसली होती. तिला सगळे जिजी म्हणतात. दिसते कमी, ऐकू नीट येते. उत्तर तिने दिले. "तापीमायले नमस्कार शे तो."

"जिजी, नदी तर तिकडे आहे," साहेब म्हणाला आणि त्याने डावीकडे, दक्षिणेला हात केला. बैल पश्चिमेला, भरावाकडे तोंड करून वाकत होते.

जिजीने त्याच्या हाताच्या दिशेने मान वळवली. जरा विचार केला. "माय तठे शे, ते खरं," ती म्हणाली. "पन नमस्कार आठेज व्हस." नमस्कार मात्र इथेच होतो.

आजूबाजूचे हसले. साहेबही हसला, पण त्याची नजर बैलांवरून हलली नाही. मग माझ्याकडे वळून तो जे बोलला ते मी घरी जाऊन लिहून ठेवले. तो म्हणाला, "आमची माणसे साइटवर परांचीखालून जातात ना, तेव्हा अशीच जातात. एक हात हेल्मेटवर. नमस्कार करणारा माणूस टोपी धरून ठेवत नाही. डोके आपटेल असे ज्याला वाटते तो धरतो." परांची म्हणजे बांधकामासाठी बांधलेले मचाण. थोड्या वेळाने त्याने विचारले, "इथून खालून जायला कधी काही वाट होती का?"

मी नाही म्हणालो. जिजी नाही म्हणाली. ती नवरी होऊन आली तेव्हाही वरात रस्त्यावरूनच आली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब दूध न्यायला आला तेव्हा ही गोष्ट वहिनीच्या कानावर गेली. ती धार काढत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मन्ही गाडवाट बी तठेज भिडस."

तिच्या शेताच्या आणि शेजाऱ्याच्या शेताच्या मध्ये दोन बांध समांतर जातात. त्यांच्यामध्ये एक बैलगाडी जाईल एवढी पट्टी आहे. ती कोणी नांगरत नाही. ती कोणाच्याही वाट्याला आलेली नाही. वहिनी तिथले गवत कापते. गावात तिला गाडवाट म्हणतात. ही वाट विहिरीपासून निघते, सरळ पूर्वेला येते आणि भरावाच्या मातीला भिडून संपते. गाड्या तर खूप पुढे, उतार आहे तिथून चढतात. वाट भरावाला जाऊन का भिडते, हा प्रश्न वहिनीला लग्न होऊन आल्यापासून पडला होता. तिने तो एकदा सासऱ्यांना विचारला होता. ते म्हणाले होते, वाट आहे म्हणून आहे.

वृत्तपत्रात एकाने सांगितले तर ती कुजबुज असते. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून तेच कळले तर बातमी असू शकते. आम्ही तिघे पलीकडे गेलो. साहेबाने गाडवाटेच्या टोकाशी एका उंच बांबूला लाल झेंडी बांधून तो बांबू रोवला. मग मला तिथेच उभे करून तो भराव चढून गेला, पूर्वेच्या कडेला उभा राहिला, खाली कडुनिंबाकडे पाहिले, वळून झेंडीकडे पाहिले. वाहनांच्या आवाजात तो काय बोलला ते ऐकू आले नाही. त्याने हात सरळ रेषेत पुढे-मागे हलवला. वाट, झेंडी आणि कडुनिंब एका रेषेत होते.

खाली आल्यावर तो वहिनीशी जे बोलला ते मोजून बोलला. त्याच्याजवळ असलेल्या कोणत्याही नकाशात इथे काही दाखवलेले नव्हते. पाऊस संपला की याच टप्प्यात भराव रुंद व्हायचा होता, म्हणजे जे काही असेल ते आणखी खोल जाणार होते. "असेल तर तिच्यावर माती टाकता येणार नाही," तो म्हणाला. "नसेल तर मला ती आणता येणार नाही. खोदून पाहायची परवानगी मागतो. मिळेलच असे सांगत नाही."

"मांगा," वहिनी म्हणाली. "मांगाले काय जास."

चुलतभावाला हा सगळा खेळ वाटला. "पोळामा माणसं वाकतस म्हनीसन कोनी रस्ता बदलस का?" तो पारावर म्हणाला. पारावरच्यांनी त्याला दुजोरा दिला. एकाने असेही सुचवले की पुढच्या पोळ्याला पेट्रोल पंपासमोर वाकावे, कदाचित पेट्रोल लागेल.

परवानगी दिवाळीनंतर आली. साहेबाला एक सकाळ मिळाली होती. दुपारपर्यंत काही दिसले नाही तर काम ठरल्याप्रमाणे पुढे जाणार होते. रुंदीकरणासाठी कडुनिंब आधीच तोडलेला होता. त्याच्या बुंध्याशेजारी जेसीबी लावला. वर मुरूम निघाला, त्याखाली काळी गाळाची माती, त्याखाली पुन्हा मुरूम. त्याखाली पुन्हा गाळ. गाव हळूहळू जमा झाले. वहिनी म्हशी पलीकडे सोडून आली आणि पदर खोचून जिजीशेजारी उभी राहिली.

जेसीबीचा ऑपरेटर बिहारचा होता. बादली एका दगडाला घासली तेव्हा त्याने यंत्र बंद केले, खाली उतरून पाहिले आणि म्हणाला, "साहब, ये पत्थर गिरा हुआ नहीं है. लगाया हुआ है."

पुढचे काम हाताने झाले. टिकाव, फावडे, घमेली. आधी कमानीचा माथा दिसला, मग दोन्ही बाजूंनी उतरत जाणारे घडीव काळे दगड. सांध्यांत चुना. कडुनिंबाची मुळे दोन दगडांच्या मधून आत गेली होती, पण दगड हलले नव्हते. आत गाळ जवळजवळ माथ्यापर्यंत भरला होता. वर हातभर पोकळी होती. साहेबाने पालथे पडून आत टॉर्च मारला. बराच वेळ तो तसाच पडून होता. मग उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि वहिनीकडे पाहून मान हलवली.

चुलतभाऊ सर्वांत मागे उभा होता. तो पुढे आला, एका मजुराच्या हातातले घमेले घेतले आणि माती वाहू लागला. संध्याकाळपर्यंत वाहत होता.  वहिनी म्हणाली, "हळू. व्यापारी येवाले टाइम शे आजून."

जिजीला धरून कमानीपर्यंत नेले. तिने दगडावर तळहात ठेवला. "एवढी मोठी वस्तू गावनी गिळी टाकी," ती म्हणाली.

पुढच्या काही दिवसांत गाळ काढला गेला तेव्हा जे दिसले ते असे. मोरीची रुंदी एका बैलगाडीची. तळाला दगडी फरसबंदी, तिच्यात चाकोऱ्या पडलेल्या. दोन्ही भिंतींना सारख्याच उंचीवर, चाकांच्या मध्यातले लाकडी तुंबे घासून झालेले गुळगुळीत पट्टे. कमान उंच नाही. टोपी घातलेला उभा माणूस आत शिरला तर टोपी लागेल, आणि बाशिंग बांधलेला बैल मान खाली घातल्याशिवाय जाणार नाही. पूर्वेच्या तोंडाशी कमानीच्या आतल्या बाजूला काही दगडांवर तांबूस ओरखडे आहेत. गावाचे म्हणणे आहे की तो शिंगांचा हिंगूळ. ते कोणी तपासून घेतलेले नाही, म्हणून इथे फक्त ओरखडे आहेत एवढेच लिहिले आहे.

बांधणाऱ्याचे नाव कुठे कोरलेले नाही. साल नाही. ती का आणि केव्हा बुजली याची नोंद मला सापडली नाही. गाळाचे थर पाहून साहेबाचा अंदाज असा की पूर येत गेले, माती बसत गेली, प्रत्येक वेळी वरून कडेला मुरूम पडत गेला आणि एका वर्षी ती साफ करणे राहून गेले. त्यानंतर पोळ्याला बैल तोंडापर्यंत येऊन परत फिरू लागले असावेत. आत जाता येत नव्हते तरी पहिल्या वर्षी ते सवयीने वाकले असतील. दुसऱ्या वर्षी मुलांनी बापांना पाहून. नंतरचे नंतरच्यांना पाहून. हा तर्क आहे. पण त्या माणसांनी कारण माहीत नसताना जागा आणि उंची दोन्ही जपली, हे डोळ्यांसमोर आहे. आपण कोणासाठी काय सांभाळून ठेवतो आहोत हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हते. गाव त्यांचे देणे लागते, आणि हा मजकूर लिहिण्याचे ते एक कारण आहे.

मोरी सापडली म्हणजे ती राहील असे ठरले नव्हते. तपासणीला माणसे आली, मोजून गेली. त्यांचे उत्तर यायचे होते. कमान नव्या रस्त्याचे वजन पेलणार नाही असे निघाले असते तर ती भरून टाकावी लागली असती. साहेबाने हे वहिनीला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

संक्रांत झाली. उत्तर आले नव्हते. व्यापारी मात्र आला. अंगणात खाटेवर बसला, म्हशींकडे पाहिले, लंगड्या म्हशीच्या पायाकडे जास्त वेळ पाहिले. चुलतभाऊ त्याच्यासमोर बसला होता. म्हशी विकायच्या हे त्यानेच ठरवले होते, त्यानेच निरोप पाठवला होता, आणि आता तो ऊसतोडीच्या गप्पा मारत होता. व्यापाऱ्याने एकदा घसा खाकरला.

वहिनीने चहा आणला. "चहा ल्या, दादा," ती म्हणाली. "आमले म्हशी नही इकन्या."

व्यापाऱ्याने चुलतभावाकडे पाहिले. चुलतभाऊ बशीत चहा ओतत होता. "दखी ल्या, दूध बी त्यासनंच शे," तो म्हणाला. हे दूधही त्यांचेच आहे.

व्यापारी चहा पिऊन गेला. तो रागावला नव्हता. जाताना दारातल्या म्हशीच्या पाठीवर हात फिरवून गेला.

त्या संध्याकाळी मी वहिनीला विचारले, उत्तर उलटे आले तर? ती म्हणाली, पेट्रोल पंपापर्यंत चालेन. लंगड्या म्हशीचे काय, हे मी विचारले नाही.

उत्तर महाशिवरात्रीच्या सुमारास आले. दगडकाम मजबूत होते. जुनी कमान आहे तशी ठेवायची आणि रुंद होणाऱ्या भरावासाठी तिला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची जोड द्यायची, असे ठरले. साहेब ते सांगायला नेहमीच्या वेळी, दुधाचा डबा घेऊन आला. वहिनीने डबा भरला, वर आणखी एक माप ओतले आणि म्हणाली, "आज पातळ लागनं ते सांगज्यात."

काम उन्हाळ्यात झाले. जोड दिलेल्या भागाची उंची जुन्या कमानीपेक्षा जास्त आहे. तिथे ताठ चालता येते. मधल्या जुन्या भागात वाकावे लागते. पावसाचे पाणी आत साठू नये म्हणून पश्चिमेच्या तोंडाशी उतार देऊन गटार काढले. ते आराखड्यात नव्हते. साहेबाने उरलेल्या सामानातून ते करवून घेतले. ज्येष्ठात त्याची बदली दुसऱ्या रस्त्याच्या कामावर झाली. निघताना गावाने त्याला पाराशी नारळ दिला. वहिनीने तुपाची बरणी दिली. तो नको म्हणाला. ती म्हणाली, तूप पातळ नाही, पाहून घ्या. त्याने ती घेतली.

यंदाचा पोळा पावसाच्या उघडिपीत झाला. मिरवणूक पारापासून निघाली, मधल्या गल्लीतून आली आणि कडुनिंब होता तिथे पोहोचली. मानाचा बैल थांबला. त्याच्या धन्याने एकदा मागे पाहिले. मग शिंग धरले, टोपीवर हात ठेवला आणि बैल घेऊन तो आत गेला. मागचे त्याच्यामागे गेले. वरून वाहने जात होती.

पश्चिमेच्या तोंडातून बाहेर आल्यावर सगळे गाडवाटेवर उभे राहिले. आतापर्यंत जे माहीत होते ते इथे संपत होते. पुढे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. बैल शेपट्या हलवत होते. कोणी म्हणाले, परत फिरावे. कोणी म्हणाले, नदीवर जावे. मागून, कोणाच्या तरी हाताला धरून आलेल्या जिजीचा आवाज मोरीतून घुमत आला. "उभा काय ऱ्हायनात? पानी पाजा त्यासले."

वाट विहिरीपर्यंत जातेच. वहिनीने मोटर सुरू केली आणि बैलांनी तिथल्या हौदात पाणी प्यायले.

चुलतभावाने फोनवर त्याचे चित्रीकरण केले होते. ते त्याने साहेबाला पाठवले. थोड्या वेळाने उत्तर आले. त्यात एकच प्रश्न होता: टोपी धरली का? वहिनीने चुलतभावाकडून उत्तर लिहून घेतले: बठासनी धरी. सगळ्यांनी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी रोजच्यासारखी चारही म्हशी घेऊन मोरीतून पश्चिमेला गेली. लंगडी म्हैस सर्वांत मागे होती. दिवे लागण्याच्या आधी चारही म्हशी त्याच वाटेने गोठ्यात परत आल्या.